मॅम टॉर : थरथरणारा डोंगर

मँचेस्टर आणि शेफील्ड या इंग्लंडमधील दोन औद्योगिक नगरांच्या मधोमध ‘पीक डिस्ट्रिक्ट’ हा डोंगराळ प्रदेश पसरला आहे. १९५१ साली ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून तो घोषित झाला. राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वनखात्याची चौकी, फाटक आणि प्रवेशपत्रिका उभी राहते. येथे यांपैकी काहीच नाही. गावे, शेते, मेंढ्यांचे कळप आणि चुन्यावाचून रचलेल्या दगडी भिंती हे सारे उद्यानाच्या सीमेतच नांदते. याच प्रदेशात, डर्बीशायरमधील कॅसल्टन या टुमदार गावाच्या माथ्यावर मॅम टॉर उभा आहे.

त्याची उंची अवघी ५१७ मीटर. पायवाटेवर दगडी फरश्या बसविल्या आहेत. त्यामुळे लहान मुले व वडीलधारी माणसेही सावकाश वर जाऊ शकतात. माथ्याभोवती मातीचे उंचवटे आणि खंदक दिसतात. ते प्राचीन डोंगरी किल्ल्याचे अवशेष होत. कांस्ययुगात येथे वस्ती होती. झोपड्यांसाठी उतारावर सपाट केलेल्या शंभराहून अधिक जागा येथे आढळल्या आहेत.

माथ्यावरून एका बाजूस एडेलचे हिरवे खोरे, दुसऱ्या बाजूस होपचे खोरे आणि उत्तरेस किंडर स्काउटचे विस्तीर्ण पठार दिसते. हे पठार एकेकाळी जमीनदारांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी गिरण्या-कारखान्यांतील शेकडो तरुण मनाई मोडून त्यावर चढले. त्यांच्यापैकी पाच जणांना कारावास झाला. परंतु मोकळ्या हवेवर श्रमिकांचाही हक्क आहे, ही जाणीव देशभर पसरली. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा १९४९ साली झाला, त्यामागे अशा अनेक प्रयत्नांचे पाठबळ होते.

या डोंगराचे खरे दर्शन मात्र माथ्यावर नव्हे, त्याच्या पूर्वेकडील कड्याखाली घडते. मॅम टॉर वालुकाश्म आणि शेल यांच्या एकावर एक थरांनी बनला आहे. शेल हा ठिसूळ पंकाश्म. पावसाचे पाणी आत मुरले की तो नरम होतो आणि वरचा भार सरकू लागतो. हजारो वर्षे हे चालू आहे. म्हणूनच लोक त्याला ‘थरथरणारा डोंगर’ म्हणतात. नावातील ‘मॅम’चा अर्थ आई असा सांगतात. आपल्या कुशीतून ढासळलेल्या मातीच्या लहान टेकड्या पायथ्याशी जन्मास घालणारी ती डोंगरमाय!

जवळच्या विनॅट्स खिंडीतील चढ मालाच्या गाड्यांना फार अवघड पडत असे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एका पथकर कंपनीने या सरकत्या उतारावरून नवा रस्ता बांधला. व्यापाराच्या दृष्टीने हिशेब चोख होता: चढ कमी, जनावरांना श्रम कमी, जकातीचे उत्पन्न निश्चित. परंतु त्या हिशेबात डोंगराचे खाते धरलेच नव्हते. रस्ता खचे, भर घातली जाई. पुन्हा खचे, पुन्हा डांबर ओतले जाई. दीडशे वर्षांहून अधिक काळ हा क्रम चालला. अखेर १९७९ साली रस्ता वाहनांस कायमचा बंद झाला.

आज त्यावरून चालताना डांबराचे जाड थर एकमेकांवर दुमडलेले दिसतात. मधली पांढरी रेषा जाता जाता अचानक तुटते. प्रत्येक थर म्हणजे एकेका दुरुस्तीचा खर्च. बुडत्या व्यवहारात ‘आजवर इतके घातले, आणखी थोडे घालू’ असे म्हणणारा मनुष्य आपल्या पेढ्यांवरही अपरिचित नाही. येथे तो मोह शेवटी आवरला गेला. त्याची किंमतही गावाने मोजली; थेट वाट गेली आणि अवजड वाहनांना दूरचा वळसा पडला.

याच परिसरात माणसाने डोंगराशी जुळवून घेतल्याचीही उदाहरणे आहेत. ‘ब्लू जॉन’ हा जांभळ्या, निळ्या व पिवळ्या पट्ट्यांचा मनोहर फ्लोराइट दगड येथील गुहांत मिळतो. तो आजही अल्प प्रमाणातच काढला जातो आणि गावातील कारागीर त्याचे दागिने घडवितात. पीक कॅव्हर्न या गुहेच्या प्रचंड मुखात शतकानुशतके दोर वळण्याचा धंदा चालत असे. गुहेतील दमट हवा आणि पावसापासूनचा आडोसा ही त्या कारागिरांची मोठी सोय होती. गावावरील टेकडीवर नॉर्मन काळातील पेव्हरिल किल्ल्याचे भग्नावशेष आहेत.

मँचेस्टर-शेफील्ड लोहमार्गावरील होप किंवा एडेल स्थानकात उतरून हा परिसर पायी पाहता येतो. लेस्टर येथील जिनमंदिराच्या दर्शनास जाणाऱ्या कुटुंबांना तेथून शेफील्डमार्गे येणे सोयीचे आहे. सोबत दशम्या, खाकरे व चटणी असावी. या भागातील प्रसिद्ध बेकवेल पुडिंगमध्ये अंडी असतात. हिवाळ्यात चार वाजताच अंधारून येते. तेव्हा सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा नियम पाळणाऱ्यांनी वैशाख ते श्रावण या काळातच प्रवास आखावा. आणि वेळ थोडा असेल, तर माथा एक वेळ राहिला तरी चालेल. तो तुटलेला रस्ता मात्र मुलांना अवश्य दाखवावा.