खोकला थांबवू नकोस

चि. सौ. सोनूस,


बाळाचे रिपोर्ट मिळाले. प्रायमरी सिलियरी डिस्किनेसिया. रागावू नकोस, पण पाचव्या वर्षीच निदान झालं याचं मला समाधान वाटलं. छातीच्या फिजिओथेरपीत माझं आयुष्य गेलं. श्वासनळ्या कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचायला लागल्यावर, ऐन तिशी-चाळिशीत हे नाव पहिल्यांदा ऐकणारी माणसं मी पाहिली आहेत.

फोनवर तू रडत विचारलंस, याचा खोकला कधी थांबेल? त्याच्या उत्तरासाठीच हे पत्र. तो थांबायला नको आहे, सोनू.

नाकापासून फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत आतल्या अस्तरावर केसांहून कितीतरी सूक्ष्म अशा सिलिया असतात, एकेका पेशीवर सुमारे २००. स्लॅब टाकताना मजुरांची रांग घमेली हातोहात वर चढवते, तशा त्या सेकंदाला १०-१५ वेळा हलून धूळ-जंतू अडकलेला कफ घशाकडे सरकवतात. बाळाला सिलिया आहेत, पण त्यांना हलवणारी यंत्रणा जन्मापासूनच सदोष आहे. म्हणून पूर्ण दिवसांचा असूनही जन्मल्यावर त्याला ऑक्सिजन लागला. म्हणून नाक बारमाही भरलेलं आणि कानात पाणी. कफ वर आणायला त्याच्याकडे खोकला तेवढा उरलाय. तोही औषधाने दाबला, तर तो कफ जाणार कुठे?

इतकी वर्षं सगळे बालदमा म्हणत राहिले, त्यामागे एक विलक्षण गोष्ट आहे. १९३३ साली झुरिकच्या मानेस कार्टागेनर यांनी सायनस, रुंदावलेल्या श्वासनळ्या आणि उजवीकडे हृदय अशी तिन्ही लक्षणं एकत्र असलेले रुग्ण नोंदवले. या तिन्हींचा संबंध काय, हे पुढे स्टॉकहोमच्या ब्यर्न आफ्झेलियस यांनी १९७६ साली मांडलं. मूल होत नसलेल्या काही पुरुषांचे शुक्राणू हलत नव्हते आणि त्यांनाच जुनाट खोकलाही होता. शुक्राणूची शेपटी आणि सिलिया यांची रचना एकच. दोन्हींतले इवलेसे प्रथिनांचे हात गायब होते. गर्भात डावं-उजवं ठरवायलाही सिलियाच लागत असाव्यात, त्या हलल्या नाहीत की हृदय कुठे जाईल हे निव्वळ योगायोगावर, असा त्यांचा तर्क होता, आणि तो खरा ठरला. म्हणून अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचेच अवयव उलट्या बाजूला असतात. आपल्या बाळाचं हृदय डावीकडे आहे. एक्स-रे पाहून कुणाला शंका यावी असं त्यात काही नव्हतंच.

आता आत्यांबद्दल. मीच भावाची मुलगी सून करून आणली, असं म्हणत त्या जेवत नाहीत, हे ऐकून जीव तुटला. नात्यात लग्न झालं की एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण ते जनुक बहुधा तुझ्या आजी किंवा आजोबांकडून तुझे बाबा आणि आत्या या दोघांत उतरलं, आणि दोघंही ठणठणीत राहिले. एक चांगली प्रत सोबत असली की कसलंही लक्षण दिसत नाही. मग कुणाला कळणार होतं? त्यांना माझ्या वतीने जेवायला बसव. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर मात्र आधी जनुकांच्या डॉक्टरांशी बोला. दर खेपेला हाच आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

सिलिया दुरुस्त करणारं औषध अजून नाही. रोजची फिजिओथेरपी हाच उपचाराचा कणा. सकाळ-संध्याकाळ, दिवाळीत आणि लग्नघरातसुद्धा. साबणाचे फुगे उडवायला लाव, जोरात हाऽ करून श्वास सोडायला शिकव, मैदानावर पळू दे. पळताना खोकला आला तर थांबवू नकोस, कफ सुटतोय. नेब्युलायझरचं सलाइन दुकानातलंच आण, घरी मिठाचं पाणी करू नकोस. उदबत्ती, धूप, सिगारेट त्याच्या खोलीपासून लांब. लसी वेळेवर. ताप नसला तरी खोकला वाढला, कफाचा रंग बदलला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

शाळेत बाईंना आधीच भेटून सांग की हा खोकला संसर्गाचा नाही, याला मागच्या बाकावर एकटं बसवू नका. ऐकू कमी येत असेल तर पुढेच बसवायला हवं. त्याच्या कानांची तपासणी या महिन्यातच करून घे.

मी रविवारी येते. व्यायाम तुला आणि आत्यांना, दोघींनाही शिकवते. एकटीवर पडलं तर तू दमशील.

तुझी,
मावशी