खाऱ्या पाण्याचे चित्र

सफाळे स्टेशनवर उतरून एस.टी.ने दातिवऱ्याला गेले की वैतरणा समुद्राला मिळते ती जागा लागते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी रंगपेटी घेऊन मी तेथे एकटाच गेलो. ओहोटी होती. ओल्या वाळूवर चिटपाखरू नव्हते. समोर पाण्यापलीकडे अर्नाळ्याचे बेट आणि 1737 साली मराठ्यांनी घेतलेल्या किल्ल्याचा तट दिसत होता.

जलरंगात पांढरा रंग सहसा लावीत नाहीत. जेथे उजेड दाखवायचा तेथे कागद कोराच ठेवायचा. आकाश झाले, तट झाला आणि बाटलीतले गोडे पाणी संपले. मग खाडीचेच पाणी घेऊन वाळू रंगविली. तासाभराने कागद सुकला, तर रंगावर मिठाचे पांढरे कण फुटलेले! आकाश मात्र स्वच्छ होते.

चित्र बिघडले म्हणून हळहळलो, आणि एकदम आठवण झाली. आठवड्यापूर्वी जवळच्याच गावातील एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले होते, "साहेब, बांध धरला, उघाडी नीट केली, भरतीचे पाणी आत आले नाही. मग खार फुटला कोठून?" मी पुस्तकी उत्तर दिले. त्यांनी मान हलविली, पण पटले नव्हते. दोन वर्षे उत्पन्न नव्हते; जमीन पडीक टाकायच्या विचारात होते.

परतताना वाकडी वाट करून त्यांच्याकडे गेलो आणि चित्र पुढे ठेवले. "बाबा, पाणी उडाले, मीठ वर राहिले. जमिनीत जुना खार आहेच. भात कापल्यावर ऊन ओल वर ओढते, तिच्याबरोबर मीठही येते."

त्यांनी कागदावर बोट फिरवून जिभेला लावले. म्हणाले, "मग उन्हाला ओल ओढूच द्यायची नाही."

उपाय तोच आहे. कापणी होताच वाफशावर नांगरट करावी, म्हणजे ओल वर येण्याची वाट तुटते. जमेल तेथे पेंढा पसरावा. पहिल्या पावसाचे पाणी खाचरात कोंडून ओहोटीला उघाडीतून सोडावे. बियाणे पनवेल-1, 2 किंवा 3 यांसारखे खार सोसणारे घ्यावे.

चित्र त्यांनी ठेवून घेतले. मी दुसरे काढायला जाईन तेव्हा गोडे पाणी दोन बाटल्या नेणार आहे.