पर्स सांभाळणारे आजोबा

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी साठ फोटोंचं प्रेझेंटेशन केलं आणि फाइल झाली २१० एमबी! जीमेल २५ एमबीपुढे जोडू देत नाही, आणि ड्राइव्हची लिंक मावशीला उघडता येत नाही. "अगं, फोटो बारीक कर ना," इति मावशी. केले होते की! पण कोपरा धरून फोटो कितीही आक्रसा, पॉवरपॉइंट आत मूळ फोटो तस्साच ठेवतो. खोटं वाटत असेल तर फाइलची एक प्रत घ्या, नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स खोडून झिप लिहा आणि उघडा. आत 'मीडिया' फोल्डरात सगळे फोटो पूर्ण आकारात बसलेले दिसतील.

तिथेच मला आजोबा भेटले. मामाच्या जुन्या प्रेझेंटेशनमधून घेतलेल्या एका स्लाइडवर फक्त आजीचा चेहरा आहे. आत मात्र तो फोटो अख्खा निघाला... शेजारी आजोबा, काखेत आजीची पर्स! कागदावरचा फोटो २०१९ च्या पुरात सांगलीच्या घरी गेला. उरलं ते एवढंच.

'कॉम्प्रेस पिक्चर्स' वापरलं की कापलेला भाग कायमचा जातो, कारण तशी खूण बहुधा आधीच केलेली असते. तो फोटो आधी वेगळा साठवून घेतला. मग १५० पीपीआय निवडलं. पडद्यावर तेवढं पुष्कळ होतं. ('फक्त हाच फोटो' ही खूण काढा, नाहीतर साठदा तेच करत बसाल.)

फाइल आता १९ एमबी आहे. आजोबांच्या स्लाइडसकट.