पुरंदराचा पत्ता

गाणे पाठ असणे आणि गाणे कळणे यांत अंतर असते. ते अंतर पुष्कळदा समीक्षकाआधी रसिकच ओलांडतो. चाल कुठल्या जुन्या चिजेवरून आली, शब्द कुठल्या संताच्या अंगणातून उचलला, याचा माग काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. बीड जिल्ह्यात मराठी शिकवताना या नादाकडे मी अभ्यासाची एक पद्धत म्हणून पाहत आलो आहे.

‘कानडा राजा पंढरीचा’ हे त्याचे माझे आवडते उदाहरण. ‘झाला महार पंढरीनाथ’ (१९७०) या चित्रपटातले हे गीत ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे, स्वर फडके आणि वसंतराव देशपांडे यांचे. पहिला माग सोपा आहे. ज्ञानदेवांच्या ‘पांडुरंगकांती’ या अभंगात विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले आहे. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि आशा भोसले यांचा आवाज यांमुळे तो अभंग घरोघर पोचला आहे, त्यामुळे विद्यार्थी हे नाते चटकन सांगतात.

वाद सुरू होतो तो अर्थावरून. कानडा म्हणजे कर्नाटकातला, की जुन्या मराठीतल्यासारखा अगम्य, न उमगणारा? पहिल्या अर्थामागे केवढा सांस्कृतिक इतिहास उभा आहे, हे रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात उलगडले आहे. माडगूळकर मात्र निवाडा देत नाहीत. वेदांनाही याचा पार लागला नाही, असे सुरुवातीलाच सांगून ते दुसरा अर्थ जागा ठेवतात. मग पहिल्याचे काय? त्याची खूण शेवटच्या कडव्यात आहे. नामदेव, चोखोबा आणि दामाजी यांच्या पंगतीत तिथे ‘पुरंदर’ येऊन बसला आहे.

हे नाव ऐकून कुणाला किल्ला आठवतो, संस्कृत जाणणाऱ्याला इंद्र. माझ्या वर्गातल्या एका मुलीला मात्र भीमसेन जोशींनी गायिलेले ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ आठवले. ते पद पुरंदरदासांचे. विजयनगरच्या काळातले हे कानडी हरिदास. त्यांची नाममुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’. हा पुरंदर ओळखला की मुखड्यातला ‘कानडा’ नव्याने ऐकू येतो. पंढरीच्या राजाला कानडीतून हाक मारणारा भक्त गीतातच हजर असतो.

त्याच्या शेजारचा दामाजी तर आम्हाला परका नाहीच. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे खुली करणाऱ्या दामाजीसाठी विठ्ठल महाराच्या रूपाने बीदरच्या दरबारी गेला, ही चित्रपटाची कथा. आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांची (१५५१–१६१५) चरित्रकथाही अशीच आहे. त्यांच्या वडिलांनी दुष्काळात सरकारी धान्य वाटले, म्हणून बीदरच्या बादशहाने लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवले आणि प्रत्यक्ष दत्तात्रेय पाडेवाराच्या वेषात रक्कम भरून गेले. दोन्ही कथांत भूक आहे, बीदर आहे आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचे रूप घेणारा देव आहे. दुष्काळ अंगावर काढलेल्या या जिल्ह्यातल्या मुलांना ही कथा समजावून द्यावी लागत नाही. घरात, कीर्तनात ती त्यांनी ऐकलेली असते. साहित्याच्या किल्ल्या पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांतच असतात, हा त्यांचा न्यूनगंड अशा वेळी थोडा सैल होतो. मला हे परीक्षेतल्या गुणांहून मोलाचे वाटते.

अर्थात, सापडलेली प्रत्येक गोष्ट संदर्भ नसते. गीतात ‘कानडा’ शब्द आहे म्हणून चालही कानड्यातच असणार, असे कुणी म्हणाले तर तो तर्क झाला. तिथे साक्ष शब्दांनी नव्हे, स्वरांनी द्यायची असते. “हे सगळे कवीच्या मनात होते का?” असा प्रश्न दरवर्षी येतो. कवीच्या मनाचा पंचनामा आपल्याला करता येत नाही. मी एकच कसोटी सांगतो: सापडलेल्या संदर्भाने गीतातले दुसरे शब्द बोलके झाले पाहिजेत. पुरंदर या कसोटीला उतरतो, कारण तो एकटा येत नाही. ‘कानडा’ या शब्दालाही बोलते करतो. किल्ला आणि इंद्र मात्र संतांच्या त्या पंगतीत मुकेच राहतात.