हातोडा झेलेल ती फरशी!

घर घेताना हॉलच्या टाइल्ससाठी आपण चार शोरूम पालथ्या घालतो. किचन ओट्याचा ग्रॅनाइट काळा की हिरवा, यावर घरात दोन दिवस चर्चासत्र चालतं. बाथरूमच्या टाइलवरचं फूलसुद्धा बादलीला मॅच व्हावं लागतं! आणि गॅरेज? तिथे उरलंसुरलं काहीही चालतं. गाडीच तर लावायची आहे ना यार!

पण गॅरेजमध्ये गाडीऐवजी माणूस बसणार असेल तर? तोही रोज पाच-सहा तास आणि तोही सत्तरी ओलांडलेला?

आमच्या अकोल्याच्या घरी हाच सीन होता. मी नोकरीला अमरावतीत, ताई पुण्यात, आईला जाऊन चार वर्षं झालेली. बाबा एकटेच. मोटर वाइंडिंगचं दुकान त्यांनी ३८ वर्षं चालवलं आणि मग बंद केलं. हात मात्र बंद झाले नाहीत. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो. अशा दिवसांत कूलरचा पंप बसला की अख्खी गल्ली बाबांना हाक मारते. ताईचं म्हणणं होतं, बाबांना आता अमरावतीला ने. बाबांचं म्हणणं, ‘तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मी काय पंखा मोजत बसू?’

शेवटी ठरलं, की अंगणातल्या बारा बाय सोळाच्या कारशेडमध्ये बाबांचं वर्कशॉप करायचं. शेडची जमीन जुनी, भेगाळलेली. म्हणजे आधी खालचं काम. आणि तिथेच गाडी अडली.

माझ्या डोळ्यांसमोर व्हिडिओतली ती परदेशी गॅरेजेस होती. आरशासारखी चमचमणारी करडी इपॉक्सी, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने... एकदम कूल! पण ते व्हिडिओ नीट बघा. तिकडचा माणूस बेंचपाशी उभा राहून काम करतो. आपला मेकॅनिक पोतं टाकून खाली बसतो, मोटर दोन पायांमध्ये घेतो आणि नटबोल्ट जमिनीवर मांडतो. म्हणजे आपल्याकडे फरशी हेच टेबल आणि फरशी हीच खुर्ची. मग निवडीचे नियमही वेगळे. हातोडा पडला तर फुटू नये. ऑइल सांडलं तर पाय घसरू नये. स्क्रू पडला तर चष्म्यातून दिसावा. आणि मे महिन्यात तिच्यावर बसवावं!

हे नियम घेऊन बाजारात फिरलो. सगळ्यात आधी बाद झाली ग्लॉसी व्हिट्रिफाइड टाइल. दिसायला छान, पाणी जवळजवळ शोषत नाही, पण जड पाना पडला की कोपरा उडतो. ऑइलचे चार थेंब सांडले की झालीच घसरगुंडी. सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड ही काही प्रयोग करायची गोष्ट नाही. कडप्पा स्वस्त आणि मजबूत, पण काळ्या दगडावर काळा स्क्रू शोधायचा कुणी? शहाबादीचे कालांतराने पापुद्रे निघतात. राजस्थानचा कोटा मात्र जवळजवळ पास झाला. थंड, टणक, आणि पॉलिश न करता घेतला तर पायाला पकडही देतो. एकच गोम आहे. कोटा हा चुन्याचा दगड, त्याचं ॲसिडशी वाकडं. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं ॲसिड सांडलं की डाग कायमचा.

ॲसिडला भारी पडते ती इपॉक्सी. रेझिन आणि हार्डनर मिसळून केलेला तो थर ऑइललाही दाद देत नाही. पण तिचीही एक अट असते. खालचं काँक्रीट पुरतं वाळलेलं हवं. नाहीतर ओल खालून ढकलते आणि थराला फोड येतात. याची एक सोपी टेस्ट आहे. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर इपॉक्सी विसरा. आमच्याकडे थेंब दिसले!

दिसणारच होते. आमचं घर शहराच्या उत्तरेला. तिथून पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लांब नाही. बोअरचं पाणी मचूळ आणि जमीन काळीभोर. कपाशीला सोन्यासारखी असलेली ही माती घराला मात्र छळते. मिस्त्री खाली उकिडवा बसला, भेगेत बोट घातलं आणि म्हणाला, ‘काकाजी, ह्या मातीचा भरोसा नाई. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. वरून सोनं टाकलं तरी तेबी फुटन.’

खरा फंडा हा आहे. शोरूममध्ये आपण वरचा थर निवडतो, आणि फरशी किती वर्षं टिकणार ते खालचा थर ठरवतो. दोन फूट काळी माती काढली. मुरूम थराथराने भरला, पाणी मारून धुमसला. वर दगडाचं सोलिंग, ओल अडवायला जाड प्लॅस्टिक, मग पीसीसी. बजेटचा मोठा भाग इथेच गेला, आणि आज त्यातलं काहीच दिसत नाही.

वर काय घातलं? आपला जुना कोबा! इंजिनीअर लोक त्याला इंडियन पेटंट स्टोन म्हणतात. नावात स्टोन आहे, पण दगड नाही. बारीक गिट्टीचं दीड-दोन इंच काँक्रीट आणि वर घोटाई. आम्ही त्यात फ्लोअर हार्डनर मारून घेतलं. काचेच्या पट्ट्या टाकून लहान चौकटी केल्या, म्हणजे मोठी भेग पळत नाही. उतार दाराकडे. घोटाई गुळगुळीत, पण आरसा नाही. चारही कडांना आजीच्या घरात असायचा तसा रेड ऑक्साइडचा लाल पट्टा. ॲसिड कोब्यालाही खातं, म्हणून बॅटरीखाली प्लॅस्टिकचा ट्रे ठेवला.

आता उरलं पाणी मारणं. मी दर वीकेण्डला ज्या अमरावती–अकोला हायवेने येतो, तिथे जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. थेट गिनीज बुकात नोंद! पण डांबराचं गणित वेगळं, सिमेंटचं वेगळं. ते वाळून नाही, ओलं राहून घट्ट होतं. भारतीय मानक ‘आयएस ४५६’ गरम, कोरड्या हवेत किमान दहा दिवस ते ओलं ठेवायला सांगतं. आम्ही मुद्दाम डिसेंबर निवडला. बाबांनी मातीची आळी करून चौदा दिवस पाणी तुंबवलं. बोअरचं मचूळ पाणी नाही हं, नळाचं, ड्रममध्ये साठवलेलं!

त्याच दिवसांत ताईचा फोन आला. सगळं ऐकून घेतल्यावर थोडं थांबून म्हणाली, ‘म्हणजे बाबा येणार नाहीत तर.’ मी ‘नाही’ म्हणालो. बेंच असतं तर ट्रकमध्ये टाकून अमरावतीला नेता आलं असतं. कोबा उचलून नेता येत नाही. काय घालायचं, याच्या आत एक प्रश्न दडलेला होता, बाबांनी कुठे राहायचं? तो आम्ही भावंडं वर्षभर टाळत होतो. मिस्त्रीला अ‍ॅडव्हान्स दिला त्या दिवशी त्याचं उत्तर देऊन टाकलं. काळजी संपली नाही. रात्री नऊला मी रोज फोन करतो, शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे. पण आता ती काळजी बाबांच्या अटींवर आहे.

म्हणून मित्रांनो, घरच्यांसाठी अशी जागा करत असाल, तर कॅटलॉग उघडण्याआधी एक दिवस त्यांच्या शेजारी बसून बघा. ते बसतात कुठे, हत्यार ठेवतात कुठे, उठताना हात कशावर टेकतात. निम्मी फरशी तिथेच ठरते.

मे महिन्यात ताई आली. दुपारी चप्पल काढून शेडमध्ये शिरली आणि कोब्यावर बाबांच्या समोर फतकल मारून बसली. अमरावतीचा विषय निघाला नाही. तिने पिशवीतून पुण्याहून आणलेला बंद मिक्सर काढला आणि बाबांच्या पुढे सरकवला.