खालाच्या खिडकीसाठी मोगरा

ईदच्या दावतीला जाताना हातात काय न्यायचं, हा प्रश्न आपल्या घरांत दरवर्षी पडतो. मिठाई, खजूर, सुकामेवा हे ठरलेलंच. पण ज्यांच्याकडे जायचं त्यांच्या ओट्यावर त्या दिवशी शीरखुर्म्याचं पातेलं असतं, फ्रीजमध्ये चार घरांतून आलेले डबे असतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना साखर वर्ज्य असते. म्हणून अलीकडे काही जण फुलझाडाची कुंडी नेतात. कल्पना चांगली आहे. मात्र मिठाई संपते, झाड राहतं. ज्याच्या घरी द्यायचं त्याला ते सांभाळावं लागतं, हे निवडतानाच लक्षात ठेवायला हवं.

माझी खाला कोकणातलं अंगणाचं घर सोडून पुण्यात कोंढव्याला चौथ्या मजल्यावर राहायला आली. खालू गेले, मुलगा कुवेतला, त्याने तिला गावी एकटं राहू दिलं नाही. ईदची दावत मात्र अजून तिच्याकडेच असते. गावच्या अंगणात मोगरा होता, अनंत होता, जास्वंदीचं कुंपण होतं. इथे आल्यावर तिने दोन-तीन रोपं लावली, ती वाळली. तेव्हापासून ती म्हणते, “माझ्या हातून आता काही जगत नाही.” तिचं हे म्हणणं खरं ठरवणारं झाड मला न्यायचं नव्हतं.

चांगली रोपं पाहायची तर पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागावं. हडपसर, मांजरी मागे टाकून लोणी काळभोर ओलांडलं की उरुळी कांचनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोपवाटिका दिसू लागतात. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा याच पट्ट्यातून पुढे इंदापूरकडे जातो. पाणी हाताशी आणि पुण्यासारखं गिऱ्हाईक जवळ, त्यामुळे हा धंदा इथे रुजला. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात सेहरी आणि फज्र आटोपून मी हडपसरहून बस धरली. सकाळी लवकर गेलं की रोजाही जाणवत नाही. हिरव्या जाळीखाली माळी पाणी घालत असतात, सगळीकडे ओल्या मातीचा वास असतो.

मी फुलांकडे बघत होते. तिथल्या माळीदादांनी आधी तीन प्रश्न विचारले. खिडकी कुठल्या दिशेला? पाणी कोण घालणार? घरात रांगतं मूल आहे का? ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय कुंडीला हात लावू नये.

खालाची गॅलरी उत्तरेला आहे, तिथे थेट ऊन येत नाही. अशा जागी अँथुरियम किंवा पीस लिली चालते. अँथुरियमचं लाल ‘फूल’ म्हणजे खरं तर रंगीत पान. म्हणूनच ते आठवडेच्या आठवडे टिकतं. पीस लिलीला तहान लागली की पानं मान टाकतात आणि पाणी मिळालं की पुन्हा उभी राहतात. विसरभोळ्या माणसाला तेवढी आठवण पुरते. पण दोन्हींची पानं चावली गेली तर तोंडाची आग होते, आणि खालाकडे नातीचं वर्षाचं मूल रोज येतं. अडेनियम दिसायला देखणं, त्याचा चीक विषारी. म्हणून ही तिन्ही बाजूला राहिली.

मग कलांचो. मूळ मादागास्करचं, मांसल पानांचं, आठवड्यातून एकदा पाणी पुरे. पण त्याला कळ्या धरायला लांब रात्री लागतात, म्हणून त्याचा बहर थंडीतला. इथे आपल्या कॅलेंडरची गोष्ट येते. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१५ साली ती जुलैच्या पावसात होती, २०२५ साली ३१ मार्चला, आणि २०३१ साली जानेवारीत येईल. तेव्हा कलांचो ऐन बहरात असेल. मार्चच्या अखेरीस घेतलेल्या कलांचोची फुलं मात्र थोड्या दिवसांची सोबती.

मार्च-एप्रिल हा मोगऱ्याचा मोसम. सुगंधी फूल किंवा रोप कुणी दिलं तर नाकारू नये, ते न्यायला हलकं आणि वासाला चांगलं असतं, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. तिथे शब्द ‘रैहान’ आहे. आपला सब्जा त्याच जातकुळीतला. पण तो आपल्याकडे कब्रस्तानात नेतात, म्हणून खालू गेलेल्या घरी ईदला तो नेववेना. मोगरा तर आखातातही घरचाच आहे. अरबीत त्याला ‘फुल्ल’ म्हणतात, सौदीतल्या जिझानकडे त्याचे गजरे माळतात.

मोगऱ्याला चार-पाच तास ऊन हवं. खालाच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, तिथे दुपारपर्यंत ऊन असतं. उन्हाळ्यात रोज पाणी हवं. फज्रनंतर ती ती खिडकी उघडतेच. मुलाच्या हाताला लागलं तरी भीती नाही.

फुललेलं रोप न घेता कळ्यांनी भरलेलं घेतलं. पानांच्या मागे पिठ्या ढेकूण नाही, कुंडीच्या तळाला भोक आहे, खोड हलवलं तरी मुळं घट्ट आहेत, एवढं पाहिलं. खाली ठेवायला ताटली घेतली. नाहीतर पाणी तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर पडतं. ईदच्या चार दिवस आधी आणल्यामुळे जाळीखालच्या झाडाला माझ्या खिडकीत उन्हाची सवय झाली.

ईदच्या दिवशी कुंडी दिली. खालाने कळ्या पाहिल्या नाहीत. बोटाने माती दाबून पाहिली, म्हणाली, “पाणी जास्त झालंय,” आणि ती उचलून स्वतःच स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. थंडीत त्याची छाटणी कशी करायची हे मी सांगणार होते. त्याआधी तीच मला सांगू लागली.