तीन वर्षांचे रविवार

बुद्धिबळाच्या पटाची आणि धान्याची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशा रीतीने दुप्पट करीत ६४ घरे भरावयाची म्हटली, तर राजाची कोठारेही रिती होतात. असे आठ पट भरले आणि वर सात दाणे ठेवले, तर एकूण दाणे होतील १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. २ हा अंक ६७ वेळा मांडून गुणाकार केला आणि त्यातून १ वजा केला, तरी हीच संख्या येते.

जिला १ आणि ती स्वतः यांवाचून दुसरा विभाजक नसतो, ती मूळ संख्या. १६४४ साली फ्रान्समधील मेर्सेन या विद्वान धर्मोपदेशकाने ही संख्या मूळ असल्याचे लिहून ठेवले. पुढे १८७६ मध्ये ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केले, की ती मूळ नव्हे. परंतु तिचे अवयव कोणते, हे त्यांच्या रीतीने कळत नव्हते. पेटीत काही आहे हे हलवून कळावे, पण किल्ली सापडू नये, तशी ही स्थिती होती.

किल्ली शोधणे सोपे नव्हते. या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला १३४ ने भागले, तर बाकी १ उरते. एवढी खूण हाती असूनही, पहिला विभाजक येण्यापूर्वी अशा १४ लक्षांहून अधिक संख्या ओलांडाव्या लागतात. त्या काळी संगणक नव्हते.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे गणितज्ञांची सभा भरली होती. प्राध्यापक फ्रँक कोल व्याख्यानासाठी उठले आणि एक शब्दही न बोलता फळ्याकडे गेले, असे सांगतात. फळ्याच्या एका बाजूस त्यांनी ही संख्या काढली. दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या संख्यांचा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरे अंकाअंकाने जुळली. कोल मुकाट्याने जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. या शोधास किती काळ लागला, असे पुढे कोणी विचारले, तेव्हा तीन वर्षांचे रविवार खर्ची पडल्याचे त्यांनी सांगितले, अशी आख्यायिका आहे.

आज संगणक हे काम क्षणार्धात करतो. तथापि, याहून कितीतरी मोठ्या संख्यांचे अवयव शोधणे त्यालाही जमत नाही. गुणाकार सोपा आणि अवयव शोधणे कठीण, या गुणाचाच उपयोग करून गुप्त संदेशांना कुलपे घातली जातात.

मेर्सेन यांचे विधान त्यांच्या नावाच्या बळावर चालले. कोल यांनी मात्र आपल्यावर विश्वास ठेवण्यास कोणाला सांगितले नाही. त्यांनी फक्त गुणाकार मांडला. कागद, पेन्सिल आणि एक निवांत दुपार असेल, तर तो कोणासही पडताळून पाहता येतो.